अंकुशकृमी आणि आपले आतडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोटात जंत आहेत का, हे सगळेच विचारतात. अंकुशकृमीच्या बाबतीत त्याहून कामाचे प्रश्न दोन आहेत: जंत किती आहेत आणि शरीरात लोह किती उरले आहे. दहा जंत असलेला माणूस वर्षानुवर्षे धडधाकट हिंडतो, तर शंभर जंत असलेला जिना चढताना धापा टाकतो. पुढची बहुतेक उत्तरे या हिशेबाभोवतीच फिरतात.

अंकुशकृमी म्हणजे नेमका कोणता जंत?

इंग्रजीतल्या नावावरून याला हुकवर्मही म्हणतात. साधारण १ सेंटिमीटर लांब, शिवणाच्या दोऱ्याइतका बारीक, पांढरट. पोटभर रक्त प्यालेला असेल तर तांबूस. मादी नरापेक्षा थोडी लांब असते. डोक्याकडचा भाग पाठीच्या बाजूला वाकलेला असतो, म्हणून अंकुश. माणसात मुख्यतः दोन जाती सापडतात: नेकेटर अमेरिकॅनस आणि अँकिलोस्टोमा ड्युओडेनेल. पहिल्याच्या तोंडात कापणारी पाती असतात, दुसऱ्याच्या तोंडात दातांच्या दोन जोड्या. हा फरक केवळ वर्णनापुरता नाही, रक्ताच्या हिशेबात तो पाचपट होतो, ते पुढे येईलच.

इटालियन डॉक्टर आंजेलो दुबिनी यांना १८३८ मध्ये मिलानमध्ये शवविच्छेदन करताना हा जंत दिसला आणि १८४३ मध्ये त्यांनी त्याचे सविस्तर वर्णन छापले. आज जगात ४० कोटींहून जास्त लोकांच्या आतड्यात तो आहे.

गोल जंत किंवा सुतासारखे बारीक कृमी यांच्यापेक्षा हा वेगळा कसा?

मोठा गोल जंत, म्हणजे ॲस्कॅरिस, १५ ते ३५ सेंटिमीटर लांब असतो आणि आतड्याच्या पोकळीत मोकळा राहून आपण खाल्लेल्यातले खातो. सुतकृमी मोठ्या आतड्यात राहतात; रात्री गुदद्वाराशी खाज सुटते ती त्यांच्यामुळे. अंकुशकृमीला आपल्या जेवणात रस नाही. तो लहान आतड्याच्या अस्तराला चावून धरतो आणि रक्तावर जगतो. शौचात तो सहसा दिसत नाही, त्यामुळे "कधी जंत पडलेला पाहिला नाही" या उत्तरावरून काहीच सिद्ध होत नाही.

तो तोंडावाटे जातो की कातडीतून?

बहुतेक वेळा कातडीतून. शौचावाटे पडलेली अंडी ओलसर, सावलीच्या, भुसभुशीत मातीत एक-दोन दिवसांत उबतात. बाहेर आलेली अळी तिथले जिवाणू खाते, दोनदा कात टाकते आणि ५ ते १० दिवसांत संसर्गक्षम होते. ही तिसऱ्या अवस्थेतली अळी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी मोठी असते. तिचे तोंड बंद असते, ती काही खात नाही. अंगात साठवलेल्या चरबीवर तीन-चार आठवडे तग धरते. मातीच्या वरच्या थरात येऊन ती डोके वर काढून डोलत राहते. ऊब आणि कातडीचा स्पर्श मिळाला की आत शिरते. बोटांच्या बेचक्यात आणि पावलाच्या कडेला खाज सुटून पुरळ येते ते त्यामुळेच.

आत शिरल्यावर प्रवास लांबचा आहे: शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला, तिथून फुप्फुसात, वायुकोशात, श्वासनलिकेतून वर घशापर्यंत, आणि गिळली गेल्यावर जठरातून लहान आतड्यात. आतड्यात आणखी दोनदा कात टाकून ती प्रौढ होते. कातडीत शिरल्यापासून मादीने अंडी घालायला लागेपर्यंत किमान पाच आठवडे, बऱ्याचदा त्याहून जास्त वेळ जातो.

हा कातडीचा मार्ग सापडला तो अपघाताने. इजिप्तमध्ये काम करणाऱ्या आर्थर लोस यांच्या हातावर अळ्यांचे पाणी सांडले, तिथे जळजळ झाली आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच शौचात अंडी सापडली. अँकिलोस्टोमाची अळी मात्र माती लागलेल्या कच्च्या खाण्यातून तोंडावाटे जाऊनही थेट आतड्यात वाढू शकते. नेकेटरला कातडीचाच रस्ता लागतो.

आतड्यात तो घट्ट पकडून कसा राहतो? आतडे तर सतत हलत असते.

जागा निवडण्यापासूनच त्याची सोय सुरू होते. लहान आतड्याचा वरचा भाग, विशेषतः जेजुनम, हे त्याचे घर. इथल्या अस्तरावर बोटांसारखे उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. प्रत्येक उंचवट्यात केशवाहिन्यांचे दाट जाळे असते, आणि अस्तराच्या पेशींचा थर फक्त एका पेशीइतका जाड.

जंताची तोंडपोकळी म्हणजे कडक भिंतींची एक वाटी. तिच्या मागे अन्ननलिकेचा भरदार स्नायू असतो आणि तो पंपासारखा चालतो. जंत तोंड अस्तराला लावतो, पंप ओढतो आणि अस्तराचा एक गोळा वाटीत खेचला जातो. दात किंवा पाती त्याला आतून धरतात. सूक्ष्मदर्शकाखाली कापलेल्या आतड्याचा छेद पाहिला तर हे चित्र विसरता येत नाही: जंताच्या तोंडात मशरूमच्या आकाराचा अस्तराचा तुकडा, त्याची मान आवळलेली, आणि गोळ्याच्या टोकाकडच्या पेशी विरघळत चाललेल्या.

विरघळतात त्या जंताच्या लाळेमुळे. तिच्यात पेशींना जोडणारा चिकट पदार्थ तोडणारे हायलुरोनिडेज असते आणि प्रथिने तोडणारी अनेक एन्झाइमे असतात. केशवाहिनी फुटली की रक्त थेट वाटीत येते.

पकड एकदाच आणि कायमची नसते. जंत काही तासांनी जागा बदलतो आणि जुनी जखम तशीच वाहत राहते. म्हणून जंताने प्यालेले रक्त आणि त्याच्यामुळे गेलेले रक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी संख्या मोठी असते.

जखम झाली तर रक्त गोठायला हवे. का गोठत नाही?

रक्त गोठण्याची साखळी जंत एकाच ठिकाणी तोडत नाही. जखम झाल्याबरोबर जो पहिला गट सक्रिय होतो, म्हणजे टिश्यू फॅक्टर आणि सातवा घटक ही रक्त गोठवणारी प्रथिने, त्यावर जंताचे एक प्रथिन बसते. पुढच्या टप्प्यावर दहाव्या घटकाला अडवणारे दुसरे प्रथिन आहे. तिसरे प्लेटलेटच्या पृष्ठभागावरच्या ग्राहींना झाकते, त्यामुळे प्लेटलेट एकमेकींना आणि जखमेला चिकटत नाहीत. हे बहुतेक काम कुत्र्यातल्या अँकिलोस्टोमा कॅनिनम या भाऊबंदावर झाले आहे. त्यातल्या पहिल्या प्रथिनाची माणसांसाठी रक्त पातळ ठेवणारे औषध म्हणून चाचणीही झाली होती. परजीवीच्या लाळेत औषध शोधायची कल्पना नवी नाही. जळवांकडून माणूस ती आधीच शिकला होता.

परिणाम फक्त जखमेपुरता राहतो. रुग्णाचे रक्त सगळीकडे पातळ होते, हा समज चुकीचा आहे.

प्यालेले रक्त तो पचवतो कसे?

आधी लाल पेशी फोडतो. मग हिमोग्लोबिनवर एकामागून एक एन्झाइमे काम करतात: पहिले मोठा रेणू उघडते, पुढची त्याचे तुकडे करतात, शेवटची तुकड्यांतून सुटी अमिनो आम्ले काढतात. क्रम बदलला तर साखळी चालत नाही, पहिल्या कापाशिवाय पुढच्यांना पकडायला जागाच मिळत नाही. यात हीम हा लोहयुक्त भाग सुटतो आणि सुटे हीम पेशींना विषासारखे असते. ते धरून ठेवायला जंताकडे ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज नावाचे प्रथिन आहे. हीम आणि ते पहिले एन्झाइम या दोन दुबळ्या जागा असल्याने लशीचे प्रयत्न याच दोन प्रथिनांभोवती चालले आहेत. जंताला मारण्यापेक्षा त्याचे पचन बिघडवायचे, असा तो विचार आहे.

एका जंतामुळे दिवसाला किती रक्त जाते?

नेकेटरमुळे सुमारे ०.०३ मिलिलिटर, अँकिलोस्टोमा ड्युओडेनेलमुळे सुमारे ०.१५ मिलिलिटर. एकेकटे पाहिले तर हसू येईल इतके कमी. आता गुणाकार करू.

हिमोग्लोबिन १५ असलेल्या माणसाच्या १ मिलिलिटर रक्तात साधारण ०.५ मिलिग्रॅम लोह असते. १०० नेकेटर म्हणजे रोज ३ मिलिलिटर रक्त, म्हणजे १.५ मिलिग्रॅम लोह. आतड्यात सांडलेल्या रक्तातले थोडे लोह पुढे पुन्हा शोषले जाते, तेव्हा निव्वळ तोटा सुमारे १ मिलिग्रॅम धरू. निरोगी माणूस अन्नातून दिवसाला १ ते २ मिलिग्रॅमच लोह शोषतो आणि तेवढेच रोजच्या झिजेत जाते. म्हणजे वरचा १ मिलिग्रॅम साठ्यातूनच काढावा लागतो. पुरुषाच्या शरीरात लोहाचा साठा १००० मिलिग्रॅमपर्यंत असतो, मासिक पाळी असलेल्या स्त्रीच्या शरीरात साधारण ३००. तेवढ्याच जंतांनी स्त्रीचा साठा वर्षाच्या आत संपेल, पुरुषाचा जवळपास तीन वर्षे पुरेल. एकाच घरातल्या, एकाच मातीत काम करणाऱ्या दोघांपैकी एकीलाच रक्तक्षय का, याचे उत्तर बऱ्याचदा एवढेच असते.

तेच १०० जंत अँकिलोस्टोमाचे असतील तर रोज १५ मिलिलिटर रक्त. तिथे साठा महिन्यांत आटतो.

यात एक गंमत आहे, तपासणाऱ्याला फसवणारी. हिमोग्लोबिन १५ वरून ८ वर आले की त्याच १ मिलिलिटर रक्तात लोहही जवळपास निम्मेच असते. गळती आपोआप मंदावते आणि हिमोग्लोबिन एका खालच्या पातळीवर बराच काळ स्थिर राहते. शरीरालाही त्याची सवय होते. म्हणून हिमोग्लोबिन ६ असलेला माणूस चालत दवाखान्यात येतो आणि "थोडी कणकण आहे" एवढेच सांगतो.

इतके रक्त जाते, तर शौचात लाल का दिसत नाही?

गळती वरच्या आतड्यात आणि थेंबाथेंबाने होते. खाली येईपर्यंत रक्त पचून गेलेले असते. शौचातले लपलेले रक्त शोधणारी चाचणी मात्र होकारार्थी येऊ शकते. डांबरासारखी काळी शौच दिसते ती जंतांचे ओझे फार जास्त असेल तेव्हा, आणि तान्ह्या बाळांत. तेव्हा वाट पाहत थांबू नये.

आतडे त्याला बाहेर का फेकत नाही? शरीराला तो कळत नाही का?

कळतो, आणि चांगलाच कळतो. अस्तरात टफ्ट नावाच्या पेशी विखुरलेल्या असतात. एकूण पेशींत त्या मोजक्याच, आणि अनेक वर्षे त्यांचे काम काय हे कोणाला सांगता येत नव्हते. २०१६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून ते उलगडले: जंत आले की या पेशी इंटरल्युकिन-२५ हा संदेशवाहक रेणू सोडतात, त्याने जागी झालेली दुसऱ्या गटाची लिम्फॉइड पेशी (प्रतिकारशक्तीची एक पेशी) इंटरल्युकिन-१३ सोडते, आणि ते अस्तराच्या तळाशी असलेल्या मूळ पेशींना हुकूम देते की यापुढे जास्त टफ्ट आणि जास्त गॉब्लेट पेशी बनवा. गॉब्लेट पेशी चिकट श्लेष्मा ओततात, अस्तरातून पाणी सुटते, आतड्याचे स्नायू जोराने आकुंचन पावतात. थोडक्यात, आतडे फरशी निसरडी करते, वर पाणी ओतते आणि झाडू मारते. उंदरातला नेहमीचा प्रयोगातला जंत यात आठ-दहा दिवसांत बाहेर पडतो.

माणसातला अंकुशकृमी मात्र टिकतो. नेकेटर तर अनेक वर्षे. एक कारण तोंडातली पकड, ती वर सांगितली. दुसरे कारण रासायनिक आहे. जंत सतत प्रथिने सोडत असतो: एक न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू देत नाही, एक इओसिनोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना बोलावणारा इओटॅक्सिन हा संदेशच कापून टाकते, आणि काहींमुळे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी वाढतात. या नियामक पेशी इंटरल्युकिन-१० सारखे पदार्थ सोडून भोवतालचा दाह शांत करतात. सर्व शरीराची प्रतिकारशक्ती त्यामुळे कोसळत नाही. जंताच्या आसपास वातावरण निवळते, इतकेच.

यात आतड्याचाही फायदा आहे, असे मानायला जागा आहे. पूर्ण ताकदीने हल्ला केला तर अस्तराचे नुकसान जंताच्या चाव्यापेक्षा जास्त होईल. म्हणून याला जंताने आतड्याला फसवले असे म्हणण्यापेक्षा दोघांनी एकमेकांना सोसले असे म्हणणे वस्तुस्थितीच्या जवळ जाते. हा समेट लोहाच्या हिशेबावर होतो, आणि बिल एकालाच येते, ही गोष्ट वेगळी.

काहींना पोटात दुखते, काहींना काहीच होत नाही. असे का?

पहिल्या संसर्गात त्रास जास्त होतो, कारण तो समेट अजून झालेला नसतो. अळ्या कातडीत शिरल्यानंतर साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून बेंबीच्या वर दुखणे, मळमळ, पोट फुगणे, पातळ शौच होऊ शकते. रक्तातल्या इओसिनोफिल पेशी याच सुमारास, पाचव्या ते नवव्या आठवड्यात, सर्वांत जास्त वाढतात. त्याआधी फुप्फुसातून जाताना थोडा कोरडा खोकला येऊन गेलेला असतो, पण तो कोणी जोडून पाहत नाही.

काही महिन्यांनी पोटाचा त्रास ओसरतो. जंत असतातच. पुढची लक्षणे पोटाची नसून रक्तक्षयाची असतात: थकवा, धाप, छातीत धडधड, माती किंवा बर्फ खावासा वाटणे, नखे चमच्यासारखी खोलगट होणे. पोट बरे झाले म्हणून जंत गेले असे समजणे ही इथली सर्वांत महागात पडणारी चूक.

पोटातच त्यांची पिले होऊन संख्या वाढते का?

नाही. नेकेटरची मादी रोज सुमारे ९ ते १० हजार अंडी घालते, अँकिलोस्टोमाची २५ हजारांच्या पुढे. पण ती अंडी मातीत गेल्याशिवाय संसर्गक्षम अळी तयार होत नाही. पोटात शंभर जंत असतील तर किमान शंभर अळ्या बाहेरून आत आल्या आहेत.

एक अपवाद गोंधळात टाकतो. अँकिलोस्टोमा ड्युओडेनेलच्या काही अळ्या आतड्यात न जाता स्नायूंसारख्या ऊतींत थांबून राहतात आणि महिन्यांनी उतरतात. ही नवी वीण नव्हे, उशिरा पोहोचलेले जुने प्रवासी.

रक्ताशिवाय आणखी काय जाते? अन्न शोषले जात नाही का?

रक्तासोबत प्रथिनेही जातात. ओझे मोठे असेल आणि आहार तोकडा असेल तर अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन घसरते, चेहरा आणि पाय सुजतात. पण "अंकुशकृमी सगळे अन्न खाऊन टाकतो" हे खरे नाही. चरबी किंवा साखर शोषण्यात मोठा बिघाड साधारणपणे होत नाही. तशी लक्षणे असतील, म्हणजे तेलकट, दुर्गंधी, तरंगणारी शौच, तर दुसरे कारण शोधावे. जिआर्डिया हा आतड्यातला एकपेशीय परजीवी त्यातला पहिला संशयित. लहान मुलांत दीर्घकाळ लोह कमी राहिले तर वाढ आणि शिकण्याची क्षमता दोन्ही मागे पडतात, आणि गर्भारपणात आई-बाळ दोघांना धोका असतो.

शौचाची तपासणी कशी करावी, आणि ती कुठे चुकते?

अंडे अंडाकृती, पातळ पारदर्शक कवचाचे, सुमारे ६० ते ७५ मायक्रॉन लांब असते. ताज्या शौचात आत चार ते आठ पेशी दिसतात, कवच आणि पेशी यांच्यामध्ये मोकळी जागा असते. दोन्ही जातींची अंडी हुबेहूब सारखी. अंड्यावरून जात सांगता येत नाही.

संख्या मोजायला काटो-काट्झ पद्धत वापरतात. चाळणीतून काढलेले ४१.७ मिलिग्रॅम शौच साच्यात भरायचे, ग्लिसरीनमध्ये भिजवलेल्या सेलोफेनने झाकायचे, काच दाबून पसरवायचे आणि दिसलेली अंडी २४ ने गुणायची. येतो तो आकडा दर ग्रॅममागे अंड्यांचा. १,९९९ पर्यंत ओझे हलके, २,००० ते ३,९९९ मध्यम, ४,००० आणि त्यापुढे जड.

चूक होते ती वेळेत. ग्लिसरीन शौच पारदर्शक करते तसे अंकुशकृमीचे पातळ कवचही करते. अर्ध्या तासापासून फार तर तासाभरात स्लाइड वाचली नाही तर अंडी डोळ्यांदेखत नाहीशी होतात. ॲस्कॅरिसची जाड कवचाची अंडी मात्र दुसऱ्या दिवशीही दिसतात. सकाळी स्लाइड करून दुपारी वाचणाऱ्या प्रयोगशाळेत म्हणूनच गोल जंत भरपूर आणि अंकुशकृमी शून्य असा अहवाल निघतो.

दुसरी चूक नमुना ठेवून देण्याची. उबदार हवेत एक दिवस राहिलेल्या नमुन्यात अंडी उबून अळ्या बाहेर येतात, आणि त्या स्ट्राँगिलॉइडिस या दुसऱ्या जंताच्या म्हणून नोंदल्या जातात. अंकुशकृमीच्या अळीची तोंडपोकळी लांब असते, स्ट्राँगिलॉइडिसची आखूड. एवढे पाहिले तरी घोटाळा टळतो. नमुना लगेच पोहोचणार नसेल तर फॉर्मेलिनमध्ये ठेवावा. हलके ओझे असेल तर एकाच नमुन्यावर विसंबू नये, वेगवेगळ्या दिवशीचे दोन-तीन नमुने द्यावेत. आणि संसर्ग पाच आठवड्यांच्या आतला असेल तर अंडी सापडणारच नाहीत. मादीने अजून घातलेलीच नसतात.

औषध कोणते आणि किती?

नेहमीचे औषध अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅमची एकच गोळी, चावून. एक ते दोन वर्षांच्या बाळांना २०० मिलिग्रॅम. तीन वर्षांखालच्या मुलांना गोळी कुस्करून पाण्यातून द्यावी. अख्खी गोळी घशात अडकून गुदमरण्याचा धोका असतो, रडणाऱ्या मुलाच्या तोंडात ती कोंबू नये. अल्बेंडाझोलच्या एका डोसने साधारण चारपैकी तीन जण पूर्ण मोकळे होतात. मेबेंडाझोलचा ५०० मिलिग्रॅमचा एकच डोस इथे फिका पडतो, जेमतेम तिसरा हिस्सा बरे होतात. तेच औषध १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असे तीन दिवस दिले तर बरेच चांगले चालते. पायरँटल पामोएट दर किलो वजनाला ११ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १ ग्रॅम, तीन दिवस देतात. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडाझोल आणि मेबेंडाझोल टाळतात. गर्भवती स्त्रिया, यकृताचे रुग्ण आणि एक वर्षाखालची बाळे यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नये.

गोळी घेतली, पण शौचात जंत दिसले नाहीत. औषध लागू पडले नाही का?

अल्बेंडाझोल जंताच्या पेशींतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटते. त्यापासून बनणाऱ्या सूक्ष्म नळ्या तयार होत नाहीत, ग्लुकोज आत घेणे थांबते आणि जंत उपाशी पडून पकड सोडतो. याला तास नव्हे, दिवस लागतात. एक सेंटिमीटरचा मेलेला, अर्धवट पचलेला जंत शौचात ओळखू येईल अशी अपेक्षाच चुकीची.

खात्री करायची ती दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा शौच तपासून. लवकर तपासले तर अर्धमेल्या माद्यांची उरलीसुरली अंडी दिसू शकतात. फार उशीर केला तर जुना संसर्ग उरला की नवा झाला ते कळत नाही. प्रवासात असलेल्या अळ्यांवर गोळीचा भरवसा नाही. नुकताच संसर्ग झाला असेल तर काही आठवड्यांनी दुसरा डोस लागू शकतो.

जंत गेले की रक्त आपोआप भरून येते का?

गळती थांबते, टाकी भरत नाही. साठा रिकामा झाला असेल तर लोहाच्या गोळ्या लागतात: मोठ्या माणसाला साधारण ६० मिलिग्रॅम मूलद्रव्यरूप लोह, रोज किंवा दिवसाआड. गोळीच्या वेष्टनावर फेरस सल्फेटचे वजन आणि त्यातल्या लोहाचे वजन वेगळे असते, दुसरे वाचावे. चहा-कॉफीसोबत घेऊ नये, शोषण घटते. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन १ ते २ ने वाढायला हवे. वाढले नाही तर तीन शक्यता तपासाव्यात: गोळ्या घेतल्याच जात नाहीत, जंत उरले आहेत, किंवा कारण मुळात वेगळेच आहे. हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही साठ्यासाठी आणखी सुमारे तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. बहुतेक जण नेमके इथेच थांबतात.

एकदा होऊन गेल्यावर पुन्हा का होतो? प्रतिकारशक्ती येत नाही का?

फारशी येत नाही. गोल जंतांचे ओझे मुलांत जास्त असते आणि वयाबरोबर कमी होते. अंकुशकृमीचे तसे नाही, ते मोठेपणीही वाढत राहते आणि वृद्धांतही जड सापडते. औषधाने मोकळा झालेला माणूस त्याच मातीत अनवाणी गेला की काही महिन्यांत पुन्हा तिथेच येतो. पादत्राणे उपयोगी आहेत, पण मातीत बसून किंवा हातांनी काम करणाऱ्याला ती पुरत नाहीत. साखळी तुटते ती शौच मातीत न पडल्याने. ताजे शौच खत म्हणून वापरणे हा अळ्यांना घरी आणण्याचा सर्वांत सोपा मार्ग.

ॲलर्जी किंवा आतड्याच्या दाहावर उपचार म्हणून हे जंत मुद्दाम घेतात, हे खरे का?

चाचण्या झाल्या आहेत. नियामक पेशी वाढवण्याच्या त्याच्या क्षमतेमुळे सीलिॲक रोग (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडे बिघडणे), दमा, मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) यांत मोजक्या, १० ते २५ च्या आसपास, नेकेटर अळ्या स्वयंसेवकांना दिल्या गेल्या. इतक्या थोड्या जंतांनी रक्तक्षय होत नाही, हे त्यातून नीट दिसले. आजारावरचा फायदा मात्र अंधूक राहिला. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या २०२० मध्ये छापलेल्या चाचणीत रक्तातल्या नियामक टी पेशी वाढल्या, पण मेंदूतल्या नव्या डागांत ठरवलेला फरक पडला नाही. इंटरनेटवरून अळ्या मागवून घरी लावून घेणे हा शुद्ध वेडेपणा आहे: जात कोणती, संख्या किती, सोबत आणखी काय आले, यातले काहीच कळत नाही.

कुत्र्या-मांजरांचे अंकुशकृमी माणसाच्या आतड्यात येतात का?

जातीवर अवलंबून आहे. अँकिलोस्टोमा सिलॅनिकम हा कुत्र्या-मांजरांतला जंत माणसाच्या आतड्यात पूर्ण वाढतो, अंडी घालतो आणि रक्तही पितो. अँकिलोस्टोमा ब्राझिलिएन्सची अळी कातडीतच भरकटते आणि नागमोडी, खाजरी, रोज थोडी पुढे सरकणारी लाल रेघ उठवते.

तिसरा प्रकार चुकवू नये असा. अँकिलोस्टोमा कॅनिनम कधीकधी माणसाच्या आतड्यापर्यंत पोहोचतो, बहुतेक वेळा एकटाच, आणि तिथे अंडी घालत नाही. पण त्या एका चाव्याला आतडे इतके चिडून उत्तर देते की भिंतीत इओसिनोफिल पेशींची गर्दी होते, आतडे सुजते आणि अपेंडिक्सचा संशय यावा इतके पोट दुखते. १९९० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या उत्तर क्वीन्सलंडमधल्या रुग्णांत हे उलगडले. शौचाचा अहवाल इथे स्वच्छ येतो, कारण अंडी नाहीतच. तीव्र पोटदुखी, रक्तात इओसिनोफिल वाढलेले आणि कुत्र्यांचा वावर असे तिन्ही एकत्र दिसले तर शल्यचिकित्सकाकडे जाण्याआधी अल्बेंडाझोलचा विचार डॉक्टरांशी बोलून घ्यावा.